बंदी आली, पण जमिनीतलं औषध कुठे गेलं?

कीटकनाशकांवर संशोधन करायचं म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: बंदी कधी आली? पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं. बंदीआधी आणि बंदीनंतर, अशी सरळ तुलना मांडली. गाइडनी एवढंच विचारलं, "बंदीच्या दिवशी जमिनीतलं औषध कुठे गेलं?" मी गप्प.

उत्तर सापडलं कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांवर. तिथलं महत्त्वाचं निर्यातीचं पीक केळी. केळीच्या कंदात शिरणाऱ्या सोंडकिड्यासाठी १९७२ पासून क्लोरडेकोन वापरलं गेलं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या होपवेल गावात हेच रसायन बनवणारा कारखाना बंद पडला, कारण कामगारांना थरथर आणि मज्जासंस्थेचे त्रास होऊ लागले होते. तरीही फ्रान्सने परवानगी काढली ती १९९० मध्ये, आणि या बेटांवर खास सवलतीने वापर १९९३ पर्यंत चालला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. क्लोरडेकोन मातीतल्या सेंद्रिय कर्बाला घट्ट चिकटतं आणि फार हळू विघटित होतं. इथल्या ज्वालामुखीय मातीत ते अनेक दशकं टिकतं, आणि पावसाच्या पाण्याबरोबर थोडं थोडं ओढ्यांत, मग समुद्रात जातं. गंमत बघा: झाडावरच्या केळ्यात ते जवळपास पोचत नाही, पण अळकुड्यांसारख्या मातीत वाढणाऱ्या कंदांत उतरतं. म्हणजे निर्यातीचं फळ स्वच्छ, आणि घरच्या ताटातलं अन्न दूषित! किनाऱ्याच्या काही भागांत मासेमारीवरही बंदी घालावी लागली. तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात हे रसायन सापडलं आहे.

बेटावर हे जास्त बोचतं. जमीन मोजकी, त्यामुळे दूषित शेत सोडून जायचं कुठे? म्हणून तिथलं नियमन आता विक्रीपुरतं उरलेलं नाही. मातीची तपासणी, अन्नातली कमाल मर्यादा, कुठल्या शेतात काय लावावं याचा सल्ला, हे सगळं त्यात येतं.

तेव्हा प्रपोजल लिहिताना तीन तारखा वेगळ्या ठेवा: परवानगी कधी गेली, वापर कधी थांबला, आणि माणसाच्या शरीरात जाणं कधी थांबलं. पहिली राजपत्रात मिळेल. दुसरीसाठी शेतकऱ्यांशी बोलावं लागेल. तिसरीसाठी माती, अन्न आणि रक्त तपासावं लागेल. ग्वादलूप आणि मार्टिनिकमध्ये ही तिसरी तारीख अजून आलेली नाही.