सेकंदाला वीस कोटी, सेकंदाला वीस हजार

संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे, याच्या दोन वाटा क्लॉड शॅनन यांनी 1950 सालीच दाखवून ठेवल्या होत्या. एक तर दिसेल ती प्रत्येक चाल तपासायची; नाहीतर जाणत्या खेळाडूसारख्या मोजक्या चाली निवडून त्यांच्याच खोलात शिरायचे. माजी जगज्जेते मिखाईल बॉटविनिक दुसऱ्या वाटेचे. त्यांनी वर्षानुवर्षे ‘पायोनियर’ नावाचा प्रोग्राम घडवला, पण स्पर्धेच्या पटावर तो कधी उतरलाच नाही.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या स्लेट आणि ॲटकिन यांनी 1973 मध्ये निवडीचा नाद सोडला, सरसकट सगळ्या चाली तपासायला घेतल्या आणि जिंकत राहिले. पुढे ‘युनिक्स’वाले केन थॉम्सन आणि जो काँडन यांनी खास बुद्धिबळासाठी ‘बेल’ हे यंत्र बांधले. सेकंदाला सुमारे 1,60,000 स्थिती तपासणारे हे यंत्र 1980 मध्ये संगणकांचे जगज्जेते झाले. थॉम्सन यांनी बेललाच बेलविरुद्ध खेळवले. अर्धी चाल जास्त खोल पाहणारी बाजू साधारण 200 रेटिंग गुणांनी सरस ठरत होती. मग काय, चिप वेगवान करा, बुद्धिबळ आपोआप येईल, असा समज पसरला.

1997 मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने न्यूयॉर्कमध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले आणि हा समज पक्का झाला. सेकंदाला 20 कोटी स्थिती! त्या आकड्यापुढे बाकीचे विसरले गेले. 1996 मध्ये हेच यंत्र कास्पारोव्हकडून 4-2 असे हरले होते. मधल्या काळात त्याची चिप नव्याने आखली गेली, स्थिती जोखण्याचे तिचे निकष सुमारे 8,000 झाले आणि ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांनी यंत्राची शिकवणी घेतली. त्याआधी, 1995 मध्ये, हाँगकाँगला साध्या पेंटियम पीसीवरच्या ‘फ्रिट्झ’ने डीप ब्लूच्या प्राथमिक रूपाला धूळ चारली होती. त्या डावाची आठवण फारसे कुणी काढत नाही.

2009 मध्ये ब्यूनोस आयर्सच्या स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ 4’ चक्क मोबाइल फोनवर खेळला आणि दहापैकी साडेनऊ गुण घेऊन गेला. समोर कास्पारोव्हच्या तोडीचे कुणी नव्हते, हे खरे. पण हा प्रोग्राम सेकंदाला 20,000 स्थितीही तपासत नव्हता, म्हणजे डीप ब्लूच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतक्याही नाही. हे साधले ते कुठे पाहू नये हे कळल्यामुळे. प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दोन चाली दिल्या तरी आपली बाजू भक्कम राहते ना? मग ती फांदी तिथेच छाटा. अशा छाटणीच्या युक्त्या नव्वदीपासून मुरत गेल्या होत्या. ग्रँडमास्टरच्या पोथीत त्या सापडायच्या नाहीत, पण ज्ञान म्हणायचे ते यालाच.

2017 च्या अखेरीस ‘अल्फाझीरो’ने सेकंदाला 80,000 स्थिती पाहून सात कोटी पाहणाऱ्या ‘स्टॉकफिश’ला शंभर डावांत 28 वेळा हरवले, एकही डाव गमावला नाही. बुद्धीने वेगावर मात केली, असा गाजावाजा झाला. तो अर्धाच खरा. ही जाण मिळवायला अल्फाझीरो स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळला होता, आणि त्यासाठी गूगलच्या 5,000 खास चिप जुंपल्या होत्या. वेग पटावरून उठून तालमीत गेला होता, एवढेच.

स्टॉकफिशनेही 2020 मध्ये स्थिती जोखायला न्यूरल नेटवर्क घेतले. त्याचा वेग घटला, ताकद वाढली. माणसांनी हाताने लिहिलेले जोखण्याचे जुने नियम 2023 मध्ये त्यातून काढून टाकण्यात आले.