यादीतून निसटलेले मृत्यू

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या कोविड मृत्यूंच्या आकड्यात एका फटक्यात १,३२८ जणांची भर पडली. त्यांतले ८६२ मुंबईतले, ४६६ उरलेल्या राज्यातले. ही माणसे त्या दिवशी गेलेली नव्हती. त्यांचे मृत्यू आधीच होऊन गेले होते, पण जिल्ह्यांच्या, महापालिकांच्या आणि राज्याच्या याद्यांचा ताळमेळ घातला तेव्हा कुठे ते मोजणीत आले.

असे का व्हावे? चाचणीची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पोर्टलवर, उपचार रुग्णालयाच्या दप्तरी, मृत्यूचा दाखला महापालिकेकडे. रुग्ण राहायचा एका जिल्ह्यात आणि दगावायचा दुसऱ्याच जिल्ह्यात. नावाचे स्पेलिंग बदलले, मोबाइल नंबर मुलाचा दिला, की एकाच माणसाच्या दोन नोंदी एकमेकींना ओळखत नसत. नुसत्या बेरजा ताडून हे कळत नाही. एका यादीतले दहा जण गळले आणि दुसऱ्याच दहा जणांची नोंद दोनदा झाली, तर बेरीज बरोबरच येते! म्हणून एकेक नाव घेऊन दुसऱ्या यादीत शोधावे लागते आणि मग तेच काम उलट दिशेनेही करावे लागते. साथ ऐन भरात असताना कर्मचाऱ्यांनी हे जिकिरीचे काम केले, याची दखल फारशी घेतली गेली नाही. पुढे राज्याच्या रोजच्या पत्रकात मृत्यू गेल्या ४८ तासांतले किती, गेल्या आठवड्यातले किती आणि त्याआधीचे किती, हे वेगळे छापले जाऊ लागले. ही पद्धत प्रामाणिक होती.

जून २०२१ मध्ये बिहारमध्येही तसेच घडले. पाटणा उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर पडताळणी झाली आणि ३,९५१ मृत्यू नव्याने धरले गेले.

या उणिवेची खरी किंमत कळली ती सानुग्रह मदतीच्या वेळी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले, आणि यादीत नाव असणे-नसणे घराच्या उंबरठ्याशी येऊन भिडले. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार गुजरातेत अधिकृत मृत्यू १०,०९४ होते, अर्ज मात्र ८९,६३३. महाराष्ट्रात १,४१,७३७ मृत्यूंसमोर २,१३,८९० अर्ज. सगळेच अर्ज खरे नसतील. काही दुबारही असतील. तरीही गुजरातेत तोवर ६८ हजारांवर अर्ज मंजूर झाले होते, म्हणजे अधिकृत यादीच्या सहापटींहून अधिक.

नागरी नोंदणीचे आकडे याहून मोठे आहेत. देशात २०१९ साली सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख. या वाढीत सुधारलेल्या नोंदणीचाही वाटा आहे, हे धरूनही २०२१ सालची उडी कोविडच्या अधिकृत आकड्यात मावत नाही. आणि नागरी नोंदणीचा २०२१ सालचा अहवाल प्रसिद्ध व्हायला मे २०२५ उजाडावा लागला. एवढा उशीर समर्थनीय नाही.