मुलाला बेस गिटार शिकायचीय? ब्रँड आणि किंमत बघण्याआधी त्याचा हात बघा

शाळेच्या गॅदरिंगमध्ये बँड बघून आलेलं दहा-अकरा वर्षांचं मूल घरी येऊन म्हणतं, “मला ती चार तारांची गिटार शिकायचीय.” भूगाव, पिरंगुट किंवा पौडला राहणारे आई-बाबा मग एखाद्या रविवारी चांदणी चौक ओलांडून पुण्यातलं वाद्यांचं दुकान गाठतात. नाहीतर मोबाईलवरच सगळ्यात स्वस्त बेस शोधतात. दोन-तीन महिन्यांनी ती गिटार कपाटामागे जाते आणि घरात निकाल लागतो, ‘पोराला आवडच नव्हती.’ ते वाद्य त्याच्या मापाचं होतं का, हे मात्र कुणी तपासलेलं नसतं.

बेस गिटार वेगळी कशी?

साध्या गिटारच्या चार जाड तारांचेच स्वर बेसवर एक सप्तक खाली वाजतात. गिटारच्या सगळ्यात जाड तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ८२, तर बेसच्या सुमारे ४१. इतका खालचा स्वर नीट निघायला तार जाड आणि लांब लागते. त्यामुळे बेसची मानही लांब असते.

आधी साधी गिटार शिकायलाच हवी, असं काही नाही. थेट बेसपासून सुरुवात करता येते. मुंबईच्या मोहिनी डे यांनी अगदी लहानपणी वडील सुजॉय डे यांच्याकडून बेस शिकायला सुरुवात केली. पुढे त्या ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवू लागल्या.

कोणतं माप घ्यायचं?

लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. तिच्या तारेची मोजली जाणारी लांबी, म्हणजे ‘स्केल’, ३४ इंच होती. आजही बहुतेक बेस याच मापाच्या असतात. पण त्यावर पहिल्या फ्रेटचं घर जवळपास ४.८ सेंटीमीटर रुंद असतं. लहान मुलाची बोटं तिथे ताणली जातात आणि मनगट दुखायला लागतं.

३० इंची ‘शॉर्ट स्केल’ बेसवर हेच घर सुमारे ४.३ सेंटीमीटरचं असतं. स्क्वायर ब्रॉन्को या मापाची आहे. आयबानेझची ‘मिक्रो’ त्याहून लहान, २८.६ इंचांची आहे.

शॉर्ट स्केल म्हणजे खेळणं नव्हे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली हॉफनर बेस याच प्रकारातली होती. फेंडर परवडत नव्हती म्हणून त्यांनी सुमारे ३० पौंडांना ती घेतली. बीटल्सची सुरुवातीची गाणी त्यांनी तिच्यावरच वाजवली.

दुकानात काय तपासायचं?

मुलाला सोबत न्या. त्याला खुर्चीत बसवून बेस हातात द्या.

• डावा हात पहिल्या फ्रेटपर्यंत खांदा न ताणता पोहोचतो का? (मूल डावखुरं असेल तर आधीच सांगा.)
• पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर ठेवून करंगळी तिसऱ्या फ्रेटपर्यंत जाते का?
• पट्टा लावून पाच मिनिटं उभं राहिल्यावर खांदा दुखतो का?
• मानेच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं टोचतात का?
• प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. कुठे खरखर येते का?
• मोबाईलवरच्या ट्यूनर ॲपने मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार तपासा. दोन्हीचा स्वर एकच दिसला पाहिजे.

तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर दाबायला जोर लागतो. दुकानदाराकडून ‘सेटअप’ करून घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. सेकंड हँड बेस घेतानाही हीच यादी वापरा, शिवाय मान वाकलेली नाही ना, हे जाणकाराला दाखवा.

बजेट कसं वाटायचं?

समजा, हातात १५ हजार रुपये आहेत. सगळे गिटारवर घालवू नका. सेटअप, पट्टा, जाड बॅग आणि ॲम्प यांसाठी तीन-चार हजार बाजूला ठेवा. इलेक्ट्रिक बेस ॲम्पशिवाय जेमतेम ऐकू येते. घरचा म्युझिक सिस्टीम किंवा साधा गिटार ॲम्प मोठ्या आवाजात वापरला तर खालच्या स्वरांमुळे त्याचा स्पीकर खराब होऊ शकतो. सोसायटीत राहत असाल तर बेससाठीचा छोटा हेडफोन ॲम्प सोयीचा. शेजाऱ्यांना त्रास नाही आणि मुलाला स्वतःची चूक स्पष्ट ऐकू येते.

मुळशीच्या पावसाचं काय?

ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात घरातल्या भिंतींनाही ओल येते. दमट हवेत लाकडी मान थोडी वाकते आणि तारांना गंज चढतो. म्हणून बेस बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. वाजवून झालं की तारा कोरड्या कापडाने पुसा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पावसाळा संपला की एकदा मान तपासून घ्या. मानेच्या आतली सळई, म्हणजे ‘ट्रस रॉड’, घरी पिळत बसू नका. ते काम जाणकाराचं.

बेस विकत घेण्याची घाई नसेल तर महिनाभर क्लासमधल्या बेसवर शिकू द्या. मूल रोज वाजवायला मागत असेल, तर त्याच्या शिक्षकांना सोबत घेऊन दुकानात जा.