आहार सांगणाऱ्याचे शिक्षण विचारा

डॉक्टरला परिषदेची नोंदणी लागते, नर्सला लागते. औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टसाठी तर 1948 पासून कायदा आहे. पण ‘हे खा, ते सोडा’ असे सांगून फी घेणाऱ्यासाठी 2021 पर्यंत देशाचा असा कायदाच नव्हता.

म्हणून आपल्या पापडीत काय किंवा नालासोपाऱ्यात काय, कुणीही वजनकाटा मांडावा, तीन महिन्यांच्या कोर्सचे सर्टिफिकेट भिंतीला लावावे आणि ‘डाएटिशियन’ अशी पाटी रंगवावी! सल्ला फुकट असतो, पण पावडरचा डबा घ्यावाच लागतो. पगारातला मोठा हिस्सा त्यातच जातो.

पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात. पण प्रकृतीचे काय? वसईची केळी नावाजलेली, आणि आजाऱ्याला शहाळे देणे ही आपली जुनी रीत. दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते. धडधाकट माणसाला ते चांगलेच. मात्र मूत्रपिंड निकामी होत आलेल्या माणसाच्या शरीरातून ते नीट बाहेर पडत नाही. रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. जुन्या मधुमेहात मूत्रपिंड बिघडण्याचा धोका असतोच. अशा रोग्याला रक्ताचा रिपोर्ट न पाहता ‘फळे, शहाळे भरपूर घ्या’ सांगणे जिवावर बेतू शकते. शेजारच्या मावशीने मायेने सांगितले तर ती गोष्ट वेगळी. ती काही फी घेत नाही.

भगिनींनो, डब्यावरचा 14 आकडी नंबर दाखवून ‘सरकारमान्य’ म्हणतात, त्याला भुलू नका. तो अन्नपदार्थाच्या धंद्याचा परवाना आहे, सल्ला देणाऱ्याच्या शिक्षणाचा नव्हे. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्यानेच मनाई आहे.

2021 च्या कायद्याने केंद्रात आयोग आणि प्रत्येक राज्यात परिषद नेमून आहारतज्ज्ञांची नोंदवही ठेवायची आहे. पदवीचा अभ्यास किमान 3600 तासांचा हवा. राज्यांना परिषदेसाठी सहा महिन्यांची मुदत होती. ती कोण पाळतो! शेवटी ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला 12 ऑक्टोबरची तारीख घालून द्यावी लागली.

तेव्हा पाटीवर जाऊ नका. पदवी कुठली, कुठल्या कॉलेजची, कुठल्या दवाखान्यात काम केले, राज्याच्या परिषदेत नोंद आहे का, हे सरळ विचारा. इंडियन डायटेटिक असोसिएशन ही 1963 ची संस्था ‘आरडी’ची परीक्षा घेते. तो सरकारी परवाना नव्हे, पण अभ्यासाची खूण नक्कीच. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. केसपेपरवर डॉक्टरांकडून त्यांच्या नावे चिठ्ठी मागून घ्या.

घरातली मुलगी बारावी सायन्सला असेल तर तिच्यासाठीही ही वाट चांगली आहे. फी भरण्याआधी कॉलेजात एकच प्रश्न विचारा: ह्या पदवीवर परिषदेत नोंद होईल का? उत्तर लेखी मागा.