विचारायचं तर त्यालाच

मलकापूर स्टँडवर एसटीला उशीर झाला की बाकावर चौकशा सुरू होतात. कुठल्या गावचं, कुणाचं, कुठं निघाला. शाहूवाडी तालुक्यात हा भोचकपणा नव्हे, माणुसकीच मानतात. पण आईशेजारी कानांवर हात दाबून पुढं-मागं डुलणारं आठ-नऊ वर्षांचं पोरगं बसलं असेल, तर प्रश्नांचा सूर बदलतो. "बोलत न्हाई व्हय? कवापासनं? जोतिबाला नवस बोलला का?" सगळं आईला विचारलं जातं. पोरगं तिथंच असतं आणि त्याला ऐकू येत असतं.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, माणसांच्या घरच्यांना हे प्रश्न पाठ झालेले असतात. उत्तरंही आहेत, आणि ती फारशी अवघड नाहीत.

कान का झाकतो? चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर हलगी घुमते, गुलाल उधळतो, सासनकाठ्या नाचतात. आपल्याला चेव येतो. स्वमग्न माणसाचा मेंदू आवाज, उजेड, स्पर्श वेगळ्या रीतीनं झेलतो. बसचा भोंगा काहींना अंगावर आल्यासारखा वाटतो. डुलण्यानं त्यांना सावरायला मदत होते, म्हणून ते दरडावून थांबवू नये.

आपण विचारलेलंच परत का म्हणतो? "जेवलास का?" म्हटलं की उत्तर येतं, "जेवलास का." बाकावरची मंडळी हसतात. पण ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उच्चारणं हीसुद्धा बोलण्याची एक पायरी आहे. पुष्कळदा त्याचा अर्थ 'हो, भूक लागलीय' असाच असतो आणि घरच्यांना तो नेमका कळतो. जे तोंडानं बोलत नाहीत, त्यांतले काही चित्रं दाखवून किंवा टाइप करून सांगतात.

कशामुळं झालं? या प्रश्नानं आयांचं सगळ्यात जास्त वाटोळं केलंय. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांचं वर्णन करून ही अवस्था मांडली. पुढं कित्येक वर्षं तज्ज्ञच म्हणत राहिले की आईची माया आटली म्हणून मूल असं झालं. आपल्याकडं ग्रहणात आईनं विळी धरल्याचं निघतं. दोन्ही खोटं. जडणघडण मुळातच वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लशीमुळं होतं म्हणणारा 1998 सालचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं 2010 मध्ये मागं घेतला. अफवा मात्र अजून फिरतेच आहे.

बरा कधी होणार? हा आजार नव्हे, त्यामुळं बरं करणारं औषधही नाही. भाषेचा सराव, रोजच्या कामांचा सराव, शाळेत थोडी समजूत, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. 'लगीन करून द्या, सुधरंल' हा सल्ला तर दोन घरांना खड्ड्यात घालणारा.

सरकारही प्रश्न विचारतं, पण कामाचे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात चाळीस मुद्दे आहेत: नजरेला नजर देतो का, आवाजाला बिचकतो का, तेच ते शब्द म्हणतो का. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. आंबा किंवा गजापूरच्या आईला मात्र तपासणीसाठी कोल्हापूर गाठायचं म्हणजे दिवसाचा रोजगार बुडवावा लागतो.

खरी उत्तरं दिली ती स्वमग्न माणसांनीच. जिम सिंक्लेअर यांनी 1993 मध्ये पालकांना बजावलं, आमच्यासाठी सुतक धरू नका. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजण्याची अडचण दुहेरी आहे. तुम्हालाही आम्ही कळत नाही. मला हे पटतं. बाकावर त्या पोराला न कळणारं जेवढं असतं, तेवढंच पोराबद्दल बाकाला न कळणारं असतं. शहाणे मात्र आपणच ठरतो.

म्हणून चौकशी करायचीच असेल तर त्याच्याकडं वळून करावी. प्रश्न एकच, छोटा आणि सरळ: "खिडकीजवळ बसणार?" नजर दिली नाही तरी चालतं. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकू नये आणि आईकडंही बघू नये. नाही म्हणाला, तर दुसरी जागा बघावी.