वाट पाहणाऱ्यांचा मुलूख

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याजवळ रोहिणखेड आहे. बऱ्हाणपूरकडून दख्खनमध्ये उतरणाऱ्या फौजांच्या वाटेवरचं हे गाव. इथली जुनी मशीद १५८२ साली खुदावंत खान या निजामशाही सरदाराने बांधली. खुदावंत खान महदवी पंथाचा होता. जौनपूरचे सय्यद मुहंमद (१४४३–१५०५) हेच युगाच्या अखेरीस येणारे महदी, अशी या पंथाची श्रद्धा. महदवी फकीर आपल्या दायऱ्यांमध्ये, म्हणजे सामायिक वस्त्यांमध्ये, राहत, मिळेल ते सारखं वाटून घेत आणि उद्यासाठी काही राखून ठेवत नसत. पुढे जमाल खान या सरदाराने बाल इस्माईल निजामशाहाच्या नावाने अहमदनगरचा कारभार ताब्यात घेतला आणि या मताला राजाश्रय दिला. १५९१ मध्ये इस्माईलचाच बाप बुऱ्हाण आणि खानदेशचा राजा अली खान यांच्याशी लढताना जमाल खान रोहिणखेडला मारला गेला. हिजरी सनाचं ते ९९९वं वर्ष. हजारावं वर्ष तोंडावर आलं होतं आणि जग आता पालटणार, या अपेक्षेने अनेकांची मनं भारली होती.

मुसलमानांच्या श्रद्धेतही कयामतीच्या दिवशी मेलेले उठतात आणि त्याआधी ईसा, म्हणजे येशू, पुन्हा पृथ्वीवर येतो. म्हणून ख्रिस्ती पुनरुत्थानाबद्दल लिहिताना मला रोहिणखेडपासून सुरुवात करावीशी वाटली. मृत्यूच्या पलीकडे काही घडणार आहे, या भरवशावर जगणारी माणसं या मुलखाला मिशनरी येण्याच्या तीनशे वर्षं आधीपासून ठाऊक होती.

ख्रिस्ती भरवसा मात्र एका विशिष्ट घटनेवर उभा आहे. पिलात या रोमन सुभेदाराच्या अमलात येशूला क्रूसावर मारलं, पुरलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. याची सर्वांत जुनी लेखी साक्ष प्रेषित पौलाची. करिंथ शहरातल्या मंडळीला त्याने इ. स. ५५च्या सुमारास पत्र लिहिलं, म्हणजे घटनेनंतर जेमतेम पंचवीस वर्षांच्या आत. उठलेला येशू ज्यांना दिसला त्यांची यादीच तो देतो आणि त्यातले बरेच जण अजून हयात आहेत, हेही सांगतो. त्याचं म्हणणं सडेतोड आहे: ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट आणि आमच्याइतके कीव करण्याजोगे दुसरे कोणी नाही. श्रद्धेला असं घटनेच्या खुंटीला टांगण्यात मोठी जोखीम आहे. ती पौलाने उघड्या डोळ्यांनी पत्करली.

आपल्याकडे आत्मा अमर, देह नाशिवंत, ही शिकवण लहानपणापासून कानावर पडलेली असते. त्यामुळे ख्रिस्ती माणसाचीही हीच आशा असेल, असं आपण धरून चालतो. तसं नाही. ख्रिस्ती पंथांच्या विश्वासांगीकारात शरीराच्या पुनरुत्थानाचा उच्चार आहे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका किंवा देहाच्या तुरुंगातून आत्म्याची मोकळीक, असा त्याचा अर्थ नाही. जो माणूस मेला तोच, त्याच्या नावासकट आणि ओळखीसकट, देवाच्या हातून नव्या देहात उठवला जाईल, असं ते वचन आहे. शुभवर्तमानातला उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो आणि त्यांच्यातल्या थोमाला आपल्या जखमा दाखवतो. मला ही जखमांची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. नवा देह मिळाला, तरी सोसलेलं पुसून टाकलेलं नाही.

मराठीत ही कथा विस्ताराने सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यात उतरला. रोहिणखेडची मशीद उभी राहत होती, तेव्हा तो गोव्यात मराठीशी ओळख करून घेत होता. १६१६ साली रायतूरला छापलेल्या त्याच्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत येशूचं मरण आणि उठणं सांगण्याचं त्याचं सामर्थ्य विलक्षण आहे. पण गोव्यातल्या ज्या साष्टीत हे पुराण वाचलं गेलं, तिथली देवळं १५६७ मध्ये पोर्तुगिजांनी पाडली होती, हेही सांगितलं पाहिजे. सत्तेच्या सावलीत पोहोचलेली आशा ऐकणाऱ्याला पूर्ण मोकळेपणी स्वीकारता येत नाही. अहमदनगरच्या गादीवरून महदवी मताचा पुरस्कार झाला, तेव्हाही हेच घडलं असणार.

वऱ्हाडात ही आशा आली ती राजाच्या हुकमाने नाही. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनने अकोला हे मुख्य ठाणं केलं आणि खामगाव, मलकापूर, बुलढाणा इथे काम सुरू केलं. संस्थापक ए. बी. सिम्पसन यांची शिकवण चार सूत्रांची होती: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि पुन्हा येणारा राजा. ही माणसंही युगान्ताची वाट पाहणारीच. त्यांची कसोटी पाहिली १८९९-१९०० च्या दुष्काळाने. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती साडेसत्तावीस लाखांवर आली. मिशनने दुष्काळातल्या अनाथ मुलांना अकोल्यात आणि मुलींना खामगावात आसरा दिला. अकोल्याला काम केलेल्या जेनी फुलर यांचं हिंदुस्थानी स्त्रियांच्या हालअपेष्टांवरचं पुस्तक १९०० सालीच प्रसिद्ध झालं. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची.

लवकरच जग संपणार, असं मानणाऱ्यांनी हाडांचे सापळे झालेल्या पोरांना पेज का पाजावी? पण देहालाच उठायचं असेल, तर देह टाकाऊ ठरत नाही. भुकेलं पोट, खरजेने भरलेली कातडी, ज्याला शिवायचं नाही असं गावाने ठरवलं तो माणूस, यांतलं काहीच तुच्छ उरत नाही. महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्यांपैकी पुष्कळजण महार-मांग घरांतले होते. ज्यांचा स्पर्शच विटाळ मानला गेला, त्यांना 'तुझं शरीर देव उठवणार आहे' हे ऐकताना काय वाटलं असेल, हे मी त्यांच्या वतीने सांगू शकत नाही. पण अन्नासाठी धर्म बदलला एवढं म्हणून तो विषय मिटवणाऱ्यांनी हा विचार एकदा करून पाहावा.

ईस्टर येतो होळी पौर्णिमेच्या किंवा चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे, वऱ्हाडात ऊन तापू लागतं तेव्हा. उत्तम शुक्रवारची लांब उपासना, मग शनिवारची शांतता आणि रविवारी दिवस उगवण्याआधीच मंडळीची पहाटेची उपासना. अनेक ठिकाणी ही उपासना कबरस्तानातच होते. कबरींवर 'प्रभूमध्ये झोपी गेले' असं कोरलेलं असतं आणि झोपलेला माणूस उठतो, हे त्या दगडाभोवती उभ्या असलेल्या लेकरालाही कळतं. आशा आहे म्हणून मंडळी रडत नाही, असं मात्र नाही. लाजराच्या कबरीपाशी खुद्द येशू रडला, आणि तो आता लाजराला उठवणार होता.

त्या पहिल्या पहाटे कबरीपाशी गेल्या त्या बायका. चारही शुभवर्तमानांत मरिया मग्दालियेचं नाव आहे. त्या काळी बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. रचलेली गोष्ट असती तर पहिला साक्षीदार म्हणून कोणी बाई निवडली नसती, असा युक्तिवाद अभ्यासक करतात. मला तो पटतो.

पंडिता रमाबाईंनी ही साक्ष सांगणारं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं दिली. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आणल्या होत्या. त्यांच्यासाठीच हे भाषांतर होतं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती लेक मनोरमा वारली. रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, ईस्टरच्या अकरा दिवस आधी. त्यांचं बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं, आणि त्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकलेल्या मुली मुक्तीतच वाढलेल्या होत्या.