सोपाऱ्याची ब्राह्मी आणि संगणकातील अक्षर

आपल्या वसई तालुक्यातील सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भग्न अंश सापडला. या आठव्या लेखाचा विषय धम्मयात्रा हा असून तो ब्राह्मी लिपीत आहे. इतिहासाचा शिक्षक म्हणून तो मी अनेक वर्षे शिकवीत आलो. लिहून ठेवले ते टिकते, हा त्याचा धडा. संगणकात लिहिलेले कसे टिकते, हे मात्र या स्मरणिकेच्या निमित्ताने कळले.

माजी विद्यार्थ्यांच्या यादीत ‘गोऱ्हे’ या गावची मुले शोधली, तर संगणकाने त्यांतील काहीच दाखविली. बाकीची नावे यादीत डोळ्यांना दिसत होती, पण शोधात येत नव्हती. स्कीम या संगणकभाषेच्या कंपायलरवर काम करणाऱ्या आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने याचा उलगडा केला.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारा दुभाषा. स्कीमचा जन्म १९७५ चा. त्या काळी एका अक्षराला एक बाइट, म्हणजे २५६ चिन्हे, पुरेशी मानली जात. त्यांत देवनागरीला जागा नव्हती. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देण्यास आरंभ केला. २००७ च्या स्कीम प्रमाणकाने हाच क्रमांक अक्षराचे एकक मानला.

‘धम्म’ हा शब्द घ्या. आपण अक्षरे मोजतो दोन : ध आणि म्म. स्कीम मोजते चार : ध, म, पायमोडके चिन्ह, म. साठविताना यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन, म्हणजे एकूण बारा बाइट लागतात. पहिली तीनच चिन्हे कापून घेतली, तर ‘धम्’ असा तुटका शब्द उरतो.

यूटीएफ-८ मध्ये चिन्हांची लांबी कमी-जास्त असल्याने शंभरावे चिन्ह गाठण्यास आरंभापासून मोजावे लागते. प्रत्येक चिन्हाला सरसकट चार बाइट दिले, तर ते तत्काळ सापडते. मात्र जागा अधिक लागते. कंपायलर घडविणाऱ्याला यांतून निवड करावी लागते.

ब्राह्मीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले २०१० साली, पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या पलीकडे. दोन बाइटांच्या एककात ती मावत नाही. तिथे एका चिन्हाचे दोन अर्धे करावे लागतात. असा सुटा अर्धा भाग स्कीमचे प्रमाणक अक्षर म्हणून स्वीकारत नाही.

आता ‘गोऱ्हे’. यातील ‘ऱ’ दोन प्रकारे साठविता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पहिल्या रीतीने शब्दात सहा चिन्हे होतात, दुसऱ्या रीतीने सात. दिसायला एकच, यंत्राच्या लेखी भिन्न. तुलनेपूर्वी दोन्हींना एका रूपात आणण्याची सोय स्कीमच्या त्याच प्रमाणकात आहे. ती वापरताच राहिलेली मुले यादीत आली.

ज्यांच्या पूर्वजांची नावे कुठल्या वहीत लिहिली गेली नाहीत, त्या समाजाला नोंदीचे मोल सांगावे लागत नाही. म्हणून पालकांना विनंती : पाल्याचे नाव संगणकात भरले जाईल, तेव्हा ते पुन्हा शोधून पाहा. सापडले, तरच नोंद पूर्ण झाली असे समजा.